रकान्यातल्या खुणांवरून निदान होते का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : थकवा आणि झोप न लागणे या तक्रारी घेऊन आपण डॉक्टरांकडे गेलात. त्यांची भेट होण्याआधीच आपल्याकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेण्यात आली. तिच्यातल्या नऊ प्रश्नांच्या एका भागात आपली बेरीज २७ पैकी १३ आली, संगणकाने त्यापुढे ‘मध्यम नैराश्य’ असा शेरा छापला, आणि डॉक्टरांनी तो वाचून, फारसे काही न विचारता, नैराश्यावरची गोळी सुरू केली. असे निदान कितपत ग्राह्य मानावे, आणि हल्ली जिथे जावे तिथे हे कागद का भरून घेतात, असे आपण विचारले आहे. मी जनरल मेडिसिनमध्ये बरीच वर्षे काम करतो आहे आणि अशा प्रश्नावल्या रोज वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नेमके उत्तर आधी देतो. केवळ बेरजेवरून नैराश्याचे निदान करणे आणि लगेच औषध सुरू करणे योग्य नाही. आपण भरलेली प्रश्नावली वर्णनावरून पीएचक्यू-९ असावी. ती २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि ज्यांनी ती तयार केली त्यांच्याच सूचनांत म्हटले आहे की, निदान पक्के करण्यापूर्वी त्रासामुळे रोजच्या व्यवहारात बाधा येते आहे का हे पाहावे, आणि जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे स्वाभाविक दुःख, पूर्वी येऊन गेलेला उन्मादाचा (म्हणजे भलत्याच उत्साहाचा) काळ, शारीरिक आजार, चालू असलेली औषधे किंवा व्यसन ही कारणे पडताळून बाजूला काढावीत. यांतली प्रत्येक गोष्ट समोर बसून विचारावी लागते. उन्मादाबद्दल तर विचारलेच पाहिजे, कारण द्विध्रुवीय आजार (ज्यात नैराश्य आणि उन्माद दोन्ही येतात) असलेल्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो. दुर्दैव असे की सूचनांचा हा भाग संगणकाच्या पडद्यावर क्वचितच येतो. बेरीज मात्र ठळक अक्षरांत येते.

या नऊ प्रश्नांची रचना समजून घेतली की अडचण कुठे आहे ते दिसेल. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत चार रकाने आहेत आणि त्यांना शून्य ते तीन गुण आहेत. पाच, दहा, पंधरा आणि वीस या आकड्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशा पायऱ्या पाडल्या आहेत. पहिले दोन प्रश्न कशातही रस न वाटणे आणि उदास वाटणे याबद्दल आहेत, आणि तोच नैराश्याचा गाभा आहे. पुढच्या सातांपैकी झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थता हे पाच प्रश्न असे आहेत की ज्यांची ‘जवळजवळ रोज’ अशी उत्तरे रक्त कमी झालेला, थायरॉइड मंदावलेला, साखर ताब्यात नसलेला किंवा झोपेत श्वास अडकणारा माणूसही अगदी प्रामाणिकपणे देईल. यांतल्या चारांवर तीन-तीन गुण पडले की बेरीज बारा होते आणि माणूस ‘मध्यम नैराश्या’त जाऊन बसतो, मग पहिल्या दोन ओळींत शून्य का असेना. मानसोपचारातली रूढ व्याख्या अशी की नऊपैकी किमान पाच लक्षणे हवीत आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असलेच पाहिजे. ही अट पाळूनही लक्षणांच्या २२७ वेगवेगळ्या जुळण्या होतात. बेरीज तर ती अटही पाळत नाही.

अलीकडची एक रुग्ण सांगतो. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तिच्या कागदावरही तेराच गुण होते : झोप तीन, थकवा तीन, एकाग्रता तीन, अस्वस्थता तीन आणि भूक एक. पहिल्या दोन ओळींत शून्याच्या रकान्यात ठळक, न अडखळता केलेल्या खुणा. मी तिला एवढेच विचारले, “झोप लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं?” ती म्हणाली, “आडवी पडले की पायात काहीतरी वळवळतं, पाय हलवावेसेच वाटतात. उठून चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, परत पडले की परत सुरू.” हे ‘रेस्टलेस लेग्ज’ या आजाराचे जवळजवळ पुस्तकी वर्णन आहे. पुढे विचारल्यावर मासिक पाळीत बऱ्याच महिन्यांपासून खूप रक्तस्राव होत असल्याचे कळले आणि तपासणीत शरीरातला लोहाचा साठा संपत आल्याचे दिसले. लोह कमी पडले की ही वळवळ होऊ शकते, म्हणून तिला लोहाची गरज होती. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या पायांची ही वळवळ वाढवतात, त्यामुळे बेरजेवर विसंबून गोळी दिली असती तर झोप आणखी उडाली असती, पुढच्या वेळी गुण आणखी चढले असते, आणि कदाचित ‘औषधाला दाद न देणारे नैराश्य’ असा नवा शेरा तयार झाला असता. कागदावर खोटे काहीही नव्हते. तिची प्रत्येक खूण खरी होती.

आपल्याबाबतीतही असेच असेल असे मी म्हणत नाही. आपल्याला नैराश्य असूही शकते. प्रश्न शक्यतेचा आहे आणि त्याचा हिशेब मांडता येतो. ओपीडीत येणाऱ्या १,००० माणसांपैकी १०० जणांना खरोखर नैराश्य आहे असे धरून चालू. तज्ज्ञांच्या मुलाखतीशी ताडून पाहिलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, दहा गुणांची सीमारेषा लावली तर ही प्रश्नावली नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांना पकडते आणि नसलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना बरोबर वगळते. ऐकायला हे आकडे चांगलेच आहेत. पण याचा अर्थ १०० पैकी ८८ जण सापडतात आणि उरलेल्या ९०० पैकी १३५ जणही जाळ्यात येतात. ‘सापडलेल्या’ एकूण २२३ जणांपैकी दर पाचात तिघांना तो आजार नसतो. चाळणी म्हणून हे चालते, कारण चाळणीनंतर निवडणे असते. निवडण्याचे काम गाळले की त्याच आकड्यांतून चुकीचे निदान तयार होते. सरसकट सगळ्या प्रौढांची अशी चाळणी करावी की नाही यावरही देशोदेशीच्या तज्ज्ञ समित्यांचे एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने ती करावी म्हटले आहे, तर कॅनडाच्या कृतिगटाने २०१३ मध्ये सरसकट करू नये असे सांगितले.

हे कागद आले कुठून? कल्पना जुनी आहे. कॉर्नेल मेडिकल इंडेक्स नावाची १९५ ‘होय-नाही’ प्रश्नांची यादी १९४९ सालीच वापरात आली होती. पण आज आपण ज्या मोजपट्ट्या वापरतो त्यांतल्या अनेकींचा जन्म संशोधनासाठी झाला. मॅक्स हॅमिल्टन यांची १९६० सालची नैराश्याची मोजपट्टी ज्यांचे निदान आधीच झाले आहे त्यांच्यातली तीव्रता मोजण्यासाठीच होती, आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिले होते. जेफ्री रोझ यांची १९६२ सालची छातीदुखीची प्रश्नावली लोकसंख्येच्या पाहणीसाठी होती. हजारो माणसांत अंजायनाचे (हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या छातीदुखीचे) प्रमाण किती, हे एकाच पद्धतीने मोजता यावे म्हणून. हजार माणसांच्या पाहणीत दहा-वीस चुकीची उत्तरे एकमेकांना झाकून टाकतात आणि सरासरी फारशी बिघडत नाही. एका माणसाच्या बाबतीत असे झाकण नसते. त्याचे उत्तर चुकले तर शंभर टक्के चुकले. गटासाठी बनवलेले माप एकट्या माणसावर लावणे आणि तीव्रतेच्या मापाने निदान करणे, या दोन घसरणी माझ्या मते सगळ्या गैरवापराच्या मुळाशी आहेत.

दुसरे एक सोपे उदाहरण प्रोस्टेटचे. लघवीच्या तक्रारींसाठी वापरली जाणारी आंतरराष्ट्रीय प्रोस्टेट गुणावली सात प्रश्नांची, ३५ गुणांची आहे. नाव प्रोस्टेटचे, पण त्याच वयाच्या स्त्रियांनी ती भरली तरी त्यांनाही तितकेच गुण पडू शकतात, आणि स्त्रियांना प्रोस्टेट नसते. ती त्रास किती आहे हे उत्तम मोजते, त्रास कशामुळे आहे याबद्दल मात्र ती काही बोलत नाही.

आता या कागदांचा सुळसुळाट का झाला? वेळेची टंचाई हे कारण सगळे देतात, पण माझ्या मते पैसा आणि पुरावा ही कारणे अधिक खरी आहेत. अमेरिकेत १९९५ आणि १९९७ च्या नियमांनुसार डॉक्टरांना वरच्या दराचे बिल लावायचे तर शरीराच्या किमान दहा संस्थांविषयी विचारल्याची नोंद असावी लागे. ती नोंद सर्वांत स्वस्तात कोण करून देणार? प्रतीक्षागृहात बसलेला रुग्ण. बाह्यरुग्ण भेटींसाठी ही अट २०२१ मध्ये निघाली, पण तिच्यासाठी छापलेले आणि संगणकात घातलेले फॉर्म काही निघाले नाहीत. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या मोबदल्याचा काही भाग गुणवत्तेच्या निकषांशी जोडणारी योजना २००४ मध्ये सुरू झाली आणि २००६ पासून नैराश्याचे निदान करताना प्रश्नावलीने तीव्रता मोजण्याला त्या योजनेत गुण, म्हणजेच पैसे, मिळू लागले. २०१३ मध्ये तो निकष काढून टाकण्यात आला. विमा कंपन्या, मानांकन देणाऱ्या संस्था आणि कोर्टकचेरीची धास्ती यांनीही आपापले रकाने वाढवले. परिणाम असा की फॉर्ममध्ये प्रश्न घालायला कारण लागत नाही आणि काढायला मात्र समिती बसवावी लागते.

वेदनेच्या मोजणीची कथा यांत सर्वांत बोधक आहे. रुग्णाच्या वेदनेकडे डॉक्टर दुर्लक्ष करतात ही तक्रार रास्त होती, म्हणून १९९५ साली अमेरिकन पेन सोसायटीच्या व्यासपीठावरून वेदनेला नाडी, ताप, श्वसन आणि रक्तदाब यांच्या बरोबरीने ‘पाचवी मूलभूत नोंद’ मानावे असा विचार पुढे आला. २००१ मध्ये रुग्णालयांच्या मानांकनात वेदनेची नियमित नोंद आली. शून्य ते दहामधला एक आकडा प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक पाळीत विचारला जाऊ लागला. रक्तदाब यंत्राने मोजला जातो, वेदना माणूस सांगतो, हा फरक तक्त्यावर पुसला गेला. आकडा सातच्या वर गेला की काहीतरी द्यायला हवे, आणि ते ‘काहीतरी’ पुष्कळदा अफूवर्गीय औषध असे. अफूवर्गीय औषधांच्या अतिवापराला औषध कंपन्यांच्या प्रचारासह इतर मोठी कारणे होती, सारा दोष त्या आकड्याच्या माथी मारणे बरोबर नाही. पण आकडा खाली आणणे हेच उपचाराचे उद्दिष्ट झाले, हे त्यात सामील होतेच. २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वेदनेला मूलभूत नोंद मानणे बंद करावे अशी भूमिका घेतली. “दुखणे सात आहे” यापेक्षा “दुखण्यामुळे मला कुशीवर वळता येत नाही” हे वाक्य डॉक्टरला कितीतरी जास्त सांगते, हे प्रत्येक अनुभवी परिचारिकेला आधीपासून ठाऊक होते.

रकान्याची आणखी एक मर्यादा अशी की तो फक्त विचारलेल्याचेच उत्तर घेतो. एका वृद्ध गृहस्थांनी ‘चालताना दम लागतो का?’ यापुढे ‘नाही’वर खूण केली होती. उत्तर खरे होते, कारण त्यांनी चालणेच सोडले होते. “पूर्वी करत होता आणि आता करत नाही असं काय आहे?” असे विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि सोबत आलेली मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही वरच्या मजल्यावर शेवटचे केव्हा आलात?” त्यांना आठवेना. पायांवर सूज होती आणि पुढे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा जोर कमी झालेला आढळला. माणूस त्रासाप्रमाणे आपले जगणे आक्रसून घेतो आणि मग त्याला त्रास उरत नाही. हे कोणत्याही चौकटीत बसत नाही. १९७५ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात ८० नव्या बाह्यरुग्णांपैकी ६६ जणांचे अंतिम निदान, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे पत्र वाचून आणि इतिहास (म्हणजे रुग्णाची हकिकत) ऐकून जे वाटले होते, तेच ठरले. तो इतिहास म्हणजे प्रश्नोत्तरांची जंत्री नव्हे. एका उत्तरावरून पुढचा प्रश्न सुचणे हा त्याचा प्राण आहे. छापील दुसरा प्रश्न पहिल्याचे उत्तर ऐकत नाही.

वेळ नाही, ही सबबही तपासून पाहिली गेली आहे. १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला रुग्णाला तोडतात असे दिसले. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी उलटे करून पाहिले : रुग्णाला मध्ये न तोडता बोलू द्यायचे. ३३५ रुग्णांचे सरासरी बोलणे ९२ सेकंदांत संपले आणि जवळजवळ पाचापैकी चौघे दोन मिनिटांच्या आत थांबले. चार पानांचा फॉर्म भरायला रुग्णाला यापेक्षा नक्कीच जास्त वेळ लागतो, फक्त तो वेळ डॉक्टरचा नसतो.

एवढे लिहूनही मी प्रश्नावल्या फेकून द्या असे म्हणणार नाही, कारण काही गोष्टी माणूस तोंडाने सांगत नाही आणि कागदाला सांगतो. दारूचे प्रमाण ही त्यातली एक. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची यादी याबाबतीत माझ्या ‘तुम्ही घेता का?’ या प्रश्नापेक्षा सरस आहे. आत्महत्येचे विचार ही दुसरी. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न नेमका तोच आहे, आणि म्हणूनच तो कागद कोणी न वाचता फाइलला लावला गेला तर ते न विचारण्यापेक्षा वाईट : माणसाने सांगितले आणि कोणी ऐकले नाही. ब्रिटनमध्ये या प्रश्नावल्यांबाबत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही विचारले गेले तेव्हा डॉक्टर साशंक होते आणि रुग्णांनी मात्र त्यांचे बऱ्यापैकी स्वागत केले. आपला त्रास गांभीर्याने घेतला जातो आहे असे त्यांना वाटले. ही गोष्ट माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रश्नावली केव्हा उपयोगी पडते याचे सर्वांत चांगले उदाहरण कर्करोगाच्या उपचारातले आहे. न्यूयॉर्कमध्ये शरीरात पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाने आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवली, आणि एखादे लक्षण गंभीर झाले किंवा बिघडले की परिचारिकेला लगेच सूचना जात असे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून अधिक जगले, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांतले निम्मे २६ महिन्यांहून अधिक. प्रश्न तसेच होते, रकानेही तसेच होते. फरक असा की पलीकडे कोणीतरी होते, आणि खूण केल्यावर फोन वाजत होता. लहान मुलांतल्या स्वमग्नतेसाठीच्या एम-चॅटच्या सुधारित, वीस प्रश्नांच्या यादीतही हेच तत्त्व अंगभूत आहे : गुण मधल्या पट्ट्यात, म्हणजे तीन ते सात, आले तर पालकांशी बोलून प्रत्येक संशयास्पद उत्तर पुन्हा विचारायचे, आणि त्यानंतरच पुढच्या तपासणीला पाठवायचे. बनवणाऱ्यांनी संभाषण यादीच्या बाहेर ठेवले नाही.

आता आपल्याविषयी. हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका. यांतल्या अनेक गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा वेगळाच त्रास होतो. त्याच डॉक्टरांकडे जा आणि भरलेल्या कागदाची प्रत मागा. पहिल्या दोन ओळींत आपण काय खूण केली होती ते पाहा. तिथे शून्य किंवा एक असेल आणि सारे गुण झोप, थकवा, भूक यांतून आले असतील तर तसे डॉक्टरांच्या निदर्शनास आणा, आणि हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, थायरॉइड, साखर पाहिली आहे का ते विचारा. घोरणे, झोपेत दचकून उठणे, पायांची वळवळ, चालू असलेली इतर औषधे, दारू, आणि पूर्वी कधी कमी झोपेतही भलताच उत्साह वाटण्याचा काळ येऊन गेला असल्यास तो, हे सारे न विचारताही सांगा. पहिल्या दोन ओळींतच दोन-दोन, तीन-तीन गुण असतील तर निदान बहुधा योग्य दिशेने आहे, आणि मग गोळीबरोबर समुपदेशनाचाही पर्याय आहे का हे विचारणे योग्य ठरेल. नवव्या ओळीत शून्याखेरीज काहीही असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

महिना-दीड महिन्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरायला सांगितली तर जरूर भरा. त्याच माणसाची आधीची आणि नंतरची अवस्था ताडून पाहण्यासाठी ती खरोखर कामाची आहे. फक्त दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला, आणि बेरीज किती उतरली यापेक्षा कोणत्या ओळीतली खूण सरकली आणि कोणती जागची हलली नाही, हे त्यांना दाखवा.